पाटी उतरवण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मालीश, राहणार घड्याळजीच्या दुकानाशेजारच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र सकाळचा चहा झाल्यावर, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण तो माझा स्वकष्टार्जित आहे. यापूर्वी एका वहीच्या पाठीमागे लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे निम्मे-निम्मे केले होते. तेव्हा दारावर पाटी नव्हती.

कलम एक. मला मुले दोन. थोरला चूर्णे विकतो. धाकटी औषधांच्या दुकानात नोकरी करते. दोघेही माझ्यावर जीव टाकतात आणि एकमेकांचे तोंड बघत नाहीत. राहती खोली, कपाट, शिलाईचे यंत्र आणि बँकेतली ठेव दोघांना सारखी. त्यावरून भांडू नये. भांडायला पुढचे कलम आहे.

कलम दोन. पुढची खोली, म्हणजे जिथे मी एकेचाळीस वर्षे मालीश केली ती, लाकडी टेबल, शेकाच्या पिशव्या आणि भिंतीवरच्या मणक्याच्या चित्रासकट थोरल्याला. मात्र एका अटीवर. गेल्या महिन्यात छातीत दुखले म्हणून मी नऊ दिवस दवाखान्यात होते, तेवढ्यात त्याने माझ्या दारावर पाटी ठोकली : "ऑपरेशनऐवजी! गोळ्यांऐवजी! आईंचा सिद्ध हात." खाली माझा फोटो. रिक्षातून उतरले ती थेट स्वतःच्या तोंडासमोर. ती पाटी उतरवल्याशिवाय खोली त्याची होणार नाही, धाकटीची होईल.

मी त्याला विचारले, हे काय केलेस. म्हणाला, "आई, तुझ्या नावावर लोक डोळे मिटून घेतात."

"म्हणूनच मी त्यांना आधी डॉक्टरकडे धाडते," मी म्हटले.

त्यावर त्याने माझ्या हृदयाच्या गोळ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि चूर्णाची डबी पुढे केली. मी गोळ्या परत घेतल्या. डबी अजून खिडकीत आहे. तिच्यावर खिडकीचे दार टेकवते, वाऱ्याने आपटत नाही.

कलम तीन. त्या खोलीत पुढे जो कोणी काम करील त्याने एवढे समजून घ्यावे. शाळा मी चारच इयत्ता शिकले, पण जुन्या बाजारातली पुस्तके आणि हजारो पाठी वाचल्या आहेत. डॉक्टरांच्या उपचाराबाहेरचे उपचार दोन तऱ्हांनी वापरले जातात. एक, त्यांच्या उपचारासोबत. मालीश, शेक, श्वासाचे व्यायाम, पलीकडच्या गल्लीतल्या बाईच्या सुया, यांनी कित्येकांचे दुखणे हलके होते, झोप लागते, भीती कमी होते. हे थोडे नाही. याला हसणाऱ्याला मी ओळखते, त्याचा समाचार पुढे घेते. दुसरी तऱ्हा त्या उपचाराच्या ऐवजी. तेच तेल, तोच हात, पण माणसाला सांगायचे की तपासणी नको, गोळी सोड. तेल बदलत नाही. माणूस मात्र हातचा जातो. आणि झाडपाल्याने अपाय कसा होईल, असे मला कोणी विचारू नये. सांगून सांगून माझी जीभ झिजली. कण्हेरही झाडच आहे, तिचे पान कोणी चावत नाही.

कलम चार. डॉक्टरांना, म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या, माझ्या सात वह्या. त्यांत नावे नाहीत. धंदा, दुखणे आणि तो माणूस डॉक्टरला न सांगता काय काय घेतो, एवढेच आहे. डॉक्टर, लोक तुम्हाला सांगत नाहीत कारण तुम्ही खेकसता. इस्त्रीवाली रक्त पातळ करायची तुमची गोळी घेत होती आणि मी दिलेल्या लसणाच्या गोळ्याही; लसणानेही रक्त पातळ होते. तिच्या नाकाचे रक्त थांबेना. तुमच्यापासून तिने लपवले, मला तुमची गोळी सांगितली नाही, आणि मी विचारलेही नाही. ती तुमची आणि माझी मिळून चूक होती. त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिला प्रश्न असतो : दुसरे काय घेता? तुम्हीही तो विचारा, आणि उत्तर मिळाले की हसू नका. ही अट आहे.

कलम पाच. हे फक्त थोरल्यासाठी. तुझे बाबा पुस्तकबांधणी करत. दिवसभर वाकून पाठ दुखते, असे ते म्हणत आणि मी मानत गेले. खांद्यांच्या मधोमध मी रोज दाबायचे. त्यांना बरे वाटायचे, खरोखर वाटायचे, आणि तेच वाईट झाले. आठ महिने माझ्या हाताने दुखणे दबत होते आणि फुफ्फुसातली गाठ वाढत होती. धाकटीने दोनदा छातीचा एक्स-रे काढायला सांगितले. मी तिला म्हटले, "चार बुकं शिकलीस म्हणून मला पाठ शिकवू नकोस." दवाखान्यात नेले ते खोकल्यातून रक्त पडले तेव्हा. हेच कोपऱ्यावरचे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "आठ महिने चोळत बसलात?" त्यासाठी मी त्यांच्याशी सहा वर्षे बोलले नाही. खरे होते म्हणून बोलले नाही.

तू तेव्हा परगावी होतास. तू आलास तेव्हा बाबा खाटेवर होते, आणि तीन आठवड्यांत गेले. तू म्हणालास, घरी ठणठणीत होते, दवाखान्याने मारले, आणि तिथे न्यायचा हट्ट धाकटीचा. मी गप्प बसले. धाकटीलाही शपथ घालून गप्प बसवले. तुझ्या शिव्या तिने तेरा वर्षे फुकट खाल्ल्या. तुझ्या पाटीवरचे शब्द तू रंगवलेस, पण ते माझ्या गप्प बसण्यातून आले आहेत, बाळा. माझ्या हाताने बाबा बरे होत नव्हते. त्यांना फक्त बरे वाटत होते. यातला फरक मला कळायला नवरा जावा लागला. तुझ्या डबीपायी कोणाच्या घरचे माणूस जाऊ नये.

मी मेल्यावर हे तुला कळून काय उपयोग. म्हणून सही करण्याआधीच हा कागद तुला वाचायला देणार आहे.

कलम सहा. लोखंडी स्टूल, एक पाय आखूड, तेही थोरल्याला. पाटी त्याने त्यावर चढूनच ठोकली होती.

ठिकाण : पुढची खोली. दिनांक : नऊ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारचे तीन. (सही)

साक्षीदार एक : इस्त्रीवाली. (अंगठा नव्हे, सही) साक्षीदार दोन : शेजारचे घड्याळजी. (सही) धाकटीलाही सही करायची होती. हिस्सा मिळणाऱ्याने साक्ष देऊ नये, म्हणून तिला चहा करायला बसवले.

डॉक्टरांचा दाखला : मी आज या बाईंना तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, स्मरण उत्तम, राग शाबूत. दुसरे काय घेता, असे मी विचारले. उत्तर मिळाल्यावर हसलो नाही. बसायला स्टूल मागितले, तर थोरले चिरंजीव बाहेर त्यावर उभे आहेत असे कळले. म्हणून हा दाखला उभ्यानेच लिहिला आहे. (सही)