चार बाय सहाचं प्लॅनिंग

३ जून, सकाळी ७
आईच्या खुब्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. नंतर ती आमच्याकडेच राहणार. एकुलता एक मुलगा म्हणून तो माझा हक्क आहे. आमची बाथरूम चार बाय सहा. उंबरा उंच, फरशी गुळगुळीत, कमोड इतका बुटका की त्यावरून उठताना मलासुद्धा कण्हावं लागतं. बायको म्हणाली, आजच प्लंबरला बोलवा. म्हटलं, आधी प्लॅनिंग. लोक इथेच चुकतात. ती म्हणाली, तुम्ही इथेच अडकता. तिला मुद्दा कळलेला नाही.

७ जून
प्लंबर येऊन गेला. त्याचं म्हणणं, उंबरा काढू, उंच कमोड बसवू, फरशी बदलू. तीन दिवसांचं काम. माणूस भला, पण व्हिजन शून्य. मी माझं ड्रॉइंग दाखवलं: काचेचं पार्टिशन, कोपऱ्यात दगडी बाक, भिंतीत तीन कोनाडे. त्याने कागद उलटा धरला. मी सुलटा करून दिला. तरी म्हणाला, साहेब, यात माणूस कुठे उभा राहणार? कळवतो म्हणालो.

१० जून
प्लॅन नंबर चार. दार आत उघडतं, हे ड्रॉइंगमध्ये राहून गेलं होतं. उघडलं की बाकावर आपटतं. बायकोच्या एका नजरेत आलं. माझ्या लक्षात आधीच आलं होतं. ती किती लक्ष देते ते बघत होतो.

१४ जून
ताईचा फोन, आईच्या घरून. आईला माझ्याकडे नेऊ का, म्हणे. सरळ अपमान. म्हटलं, मी अजून जिवंत आहे. मग आईने फोन घेतला. म्हणाली, बाळ, मला काचबिच नको रे, नीट बसता-उठता आलं की झालं. आईचा स्वभावच कमी मागण्याचा. म्हणून चौथा कोनाडा वाढवला.

१७ जून
टाइल्सची पाच दुकानं पालथी घातली. दोन शेड्समध्ये अडकलोय. दुकानदार म्हणाला, साहेब, दोन्ही एकाच खोक्यातल्या आहेत. नजर तयार नसते लोकांची.

२१ जून
ऑपरेशन काल छान झालं. सव्वीसला डिस्चार्ज. डॉक्टरांना प्लॅन नंबर नऊ समजावला. ते उभ्याउभ्या ऐकत होते, मग चालत ऐकू लागले. प्लंबरला फोन केला तर तो महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे गुंतलेला. ठीक. फोडकाम मीच करणार. व्हिडिओ पाहिलेत. हातोडा चालवायला डिग्री लागत नाही.

२२ जून, दुपारी ३
सुरुवात केली. कमोड काढला. टाइल्स पापडासारख्या सुटतायत. हे मी कित्येक वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

दुपारी ४.१०
पाइप.

दुपारी ४.४०
मेन कॉक सापडत नाही. खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात छतातून धार लागलीय. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. बायकोने येऊन अर्ध्या मिनिटात कॉक बंद केला. सिंकखाली होता. सिंकखाली कोण बघतं? चूक बिल्डरची.

२३ जून
शेजाऱ्यांकडे आंघोळ. संडासलाही तिथेच. शेजारी दार उघडताना विचारतात, अजून किती दिवस? काम म्हटलं की वेळ लागणारच. मुलगी म्हणाली, बाबा, मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. समजूतदार पोरगी. संध्याकाळी ती आणि बायको ताईकडे गेल्या, आईची तयारी करायला. दोनच दिवसांसाठी. घरात शांतता. प्लॅनिंगला उत्तम.

२६ जून
डिस्चार्ज. गाडी ताईकडे वळली. तसं मीच सुचवलं. म्हणजे ताईने ड्रायव्हरला पत्ता सांगितला आणि मी हरकत घेतली नाही. तात्पुरती व्यवस्था. आई गाडीत माझा हात धरून बसली होती. काही विचारलं नाही तिने. विचारलं असतं तर प्लॅन नंबर अकरा सांगितला असता.

२८ जून
शेजारी काल कुलूप लावून गावाला गेले. अचानक. ऑफिसात समोरच्या साहेबांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. शेवटी कपडे पिशवीत भरून ताईकडे गेलो. आईला भेटायला, आंघोळ ओघाने.

ताईची बाथरूम आमच्यापेक्षा लहान. डिझाइन म्हणून काहीच नाही. आत गेलो, बादली भरली, आणि खरं सांगायचं तर कुठेही अडखळलो नाही. बरंच पाणी घेतलं. बाहेर वॉकरची टकटक आली. दाराबाहेरून आईने विचारलं, पाणी गरम आहे ना? टॉवेल कडीला लावलाय हो.

बेसिनवरच्या मगात ब्रश होते. आईचा, बायकोचा, मुलीचा, ताईचा. शेजारी एक नवा, कव्हरसुद्धा न फोडलेला. बाहेर येऊन विचारलं, हा कुणाचा? ताई म्हणाली, तुझा. पंधरा तारखेलाच आणून ठेवला होता.