आईच्या हाती दिले

सोमवार, ३

या प्रसूतिगृहाने पहिल्याच दिवशी माझा जो छळ मांडला आहे त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी, म्हणून ही रोजनिशी. माझ्या टेबलावरचं पेन बांधलेलं आहे. बँडेजच्या दोरीने, खिळ्याला. पेन चोरीला जाऊ नये हे मी समजू शकते, मी जन्म कचेऱ्यांतच काढला. पण दोरी इतकी आखूड की रजिस्टर उघडलं तर पेन नवव्या रकान्यापर्यंत जातं आणि दहाव्याच्या दारात हिसका खाऊन थांबतं, साखळीच्या कुत्र्यासारखं. बावन्नाव्या वर्षी माणसाने पेनाशी रस्सीखेच करावी का? देशोदेशीच्या लढ्यांची स्मारकं होतात, माझ्या या लढ्याला कुणी चौथराही बांधणार नाही.

बाकी सगळं झकास. खोली उजेडाची, खुर्ची चारही पायांवर उभी राहणारी. काम असं की पंचावन्न वर्षांपूर्वी तापाची मोठी साथ आली होती, तेव्हा इथे बाळंत झालेल्या बायकांचं आणि बाळांचं काय झालं, ते जुन्या रजिस्टरांतून काढून कॉम्प्युटरवर चढवायचं. माझ्या खोलीला आतून एक दार आहे. पलीकडे नवजातांची काचेची खोली. दिवसभर कुणी ना कुणी रडत असतं. त्यांचा तो आवाज मला आवडला. माझ्या आधीच्या कचेरीत साहेब रडायचे.

आणखी एक. माझी भाची इथेच नाव घालून आहे, तिचे दिवस भरत आलेत. तिची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून पोर माझ्या पदरात. ‘आत्या, तू माझ्यावर पाळत ठेवायलाच ही नोकरी धरलीस,’ असं ती म्हणते. खोटं नाही.

गुरुवार, ६

संशोधनाचे प्रमुख मोठे सज्जन गृहस्थ आहेत, पण टक्क्यांशिवाय बोलत नाहीत. चहा कसा झालाय विचारलं तर ऐंशी टक्के म्हणाले. मी त्यांचं नाव शेकडासाहेब ठेवलंय. मनातल्या मनात.

आज तापाचं रजिस्टर हाती आलं. पातळ आहे. अकरा ओळींची दोन पानं भरलेली, तिसऱ्यावर एकच ओळ. एकूण तेवीस बाळं. ताप लागू नये म्हणून जन्मल्याबरोबर आईपासून काढून काचेच्या खोलीत ठेवलेली. आईच्या मनगटाला आणि बाळाच्या पायाला एकाच नंबरची बँडेजची पट्टी, जांभळ्या शाईने लिहिलेली. सगळी नोंद सुबक, मोत्यासारखं अक्षर. फक्त दहावा रकाना कोरा. वर लिहिलंय ‘आईच्या हाती दिले’. खाली तेवीस वेळा काही नाही.

मला हसू आलं. बिचारीचं पेन पोचलं नसणार!

शुक्रवार, ७

शेकडासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, रिकामा रकाना म्हणजे संशोधनाच्या तोंडाला काळं. कॉम्प्युटर रिकामी जागा घेत नाही, आणि पानाचा फोटोही जोडायचा असल्याने रजिस्टर आणि कॉम्प्युटर जुळलंच पाहिजे. मी म्हटलं, पण झालं काय होतं ते ठाऊक कुणाला? ते म्हणाले, अहो, होणार काय? बाळ आईलाच देतात, शेजारणीला नाही.

पटण्यासारखं होतं. वॉर्डातल्या मावशींचं पेन मागून घेतलं. त्या देताना म्हणाल्या की बाई, परत द्या हं, इथे माणूस परत मिळतं पण पेन मिळत नाही. तेवीस वेळा लिहिलं : दिले, दिले, दिले. शाई जांभळी उमटली. मावशींचं पेन निळं आहे असं मला वाटलं होतं.

बुधवार, १२

साथ आली. तसलाच ताप. सगळ्यांना मास्क, टोप्या, अंगभर झगे. आता इन्चार्ज सिस्टर, मावशी आणि झाडूवाली यांत फरक फक्त चालीवरून कळतो.

भिंतीवर नवा नियम लागला. बाळं चौदा दिवस काचेच्या खोलीत, आई ताप असो वा नसो, वेगळी. आधार म्हणून आमचाच अहवाल : मागच्या साथीत वेगळी ठेवलेली बाळं शंभर टक्के आईच्या हाती परत. शेकडासाहेबांनी तिसरं पान रजिस्टरातून सोडवून परिषदेला नेलंय. नमुना म्हणून दाखवणार, एकच ओळ असल्याने मागच्या रांगेलाही वाचता येते म्हणे. महिनाअखेरीस परततील.

मी केलं ते फार चुकीचं नाही. बाळं परत दिलीच असणार.

नवं रजिस्टर उघडलं. नंबर एकपासून.

शनिवार, १५

भेटीची वेळ चार ते पाच. ज्या आयांना ताप नाही त्यांना काचेबाहेर उभं राहून बाळ बघता येतं. मास्क, टोपी, झगा. सगळ्या सारख्या. आज नवी बाळं अकरा. आया आल्या सहा.

काचेपाशी मी मोजल्या एकोणतीस.

मी आकडेमोडीवर पोट भरलेली बाई आहे. पुन्हा मोजल्या.

सोमवार, १७

सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, नातेवाईक घुसत असतील, तुम्हाला मोजायला सांगितलंय का कुणी? चष्म्यावर वाफ धरलेली, डोळे दिसत नव्हते. चार दिवस झोपल्या नाहीत म्हणे.

चार वाजता मी दार किलकिलं केलं. सहा जणी काचेवर बोट ठेवून हसत-रडत होत्या. बाकीच्या तेवीस हलत नव्हत्या. दोन्ही हात पुढे, कोपरात वाकवलेले. बाळ घ्यायला धरतात तसे. मनगटाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या नव्हत्या. बँडेजच्या होत्या.

जांभळा आकडा. चार. सतरा. नऊ.

मास्क आत ओढला जात नव्हता. फुगत नव्हता.

मंगळवार, १८

मावशींना खुर्चीत बसवलं, दार लावलं, विचारलं. त्या आधी म्हणाल्या मला काय माहीत. मग बोलल्या. त्यांची सासू त्या साथीत इथे नर्स होती. मोत्यासारखं अक्षर तिचं. बाळांना आईपासून तोडलं, वरचं दूध पुरेना, एकेक करत तेवीसही गेली. बाहेर आया रोज चारला काचेपाशी येत. त्यांना सांगायचं कुणी? वरून हुकूम होता, उद्या देतो म्हणा. सासू रोज म्हणायची, उद्या. मग आयांनाही ताप चढला. शेवटपर्यंत विचारत गेल्या, आमचं कधी देणार.

सासूवर दडपण आलं, रकाना भर, दिले म्हणून लिही, प्रकरण मिटव. ती म्हणाली हात तोडेन पण लिहिणार नाही. नोकरी सोडून जाताना पेनाची दोरी तिनेच कापून आखूड केली. दहाव्या रकान्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून.

मावशींनी विचारलं, बाई, माझं पेन कशाला नेलं होतंत?

मी म्हटलं, खुणा करायला.

बुधवार, १९

नऊ नंबरचा पाळणा रिकामा.

आई वॉर्डात आहे, तिला बाळ मिळालेलं नाही. सिस्टर शपथेवर सांगतात की दिलं. झगा घातलेली बाई आली, मनगटावर नऊ, बाळाच्या पायावर नऊ, नंबर जुळवला, झोपेच्या गुंगीत चौदा दिवसांचं भान राहिलं नाही, हातात दिलं. दोन नऊंमध्ये पंचावन्न वर्षं आहेत हे नंबरावरून कसं कळावं? चौकशी झाली, नवं रजिस्टर पाहिलं. नऊपुढे सिस्टरांनी लिहिलंय ‘आईच्या हाती दिले’. रकाना भरलेला आहे. चौकशी संपली.

ती आई अजून किंचाळते आहे. भिंतीतून ऐकू येतं.

चारला मोजल्या. जास्तीच्या आता बावीस. नऊ नंबरची आली नाही. तिचं तिला मिळालं.

त्यांना मीच पावती लिहून दिलीय.

गुरुवार, २०

पहाटेपासून जुनं रजिस्टर घेऊन बसले. दोरीचं पेन तिथवर जात नाही. मावशींच्याच पेनाने पहिला ‘दिले’ खोडला. वर लिहिलं, दिले नाही. बाळ गेलं. लिहिताना मोठ्याने वाचलं.

चारला एक नंबरची आली नाही.

तर हे असं आहे. दोन पानांवर बावीस ओळी. नऊची सोडून एकवीस. सगळ्या खोडीन. सगळ्यांना सांगीन.

पण तेविसावी ओळ तिसऱ्या पानावर. पान शेकडासाहेबांच्या पेटीत. फोन लावला. म्हणाले, अहो, त्या पानाला टाळ्या पडल्या! मी म्हटलं, ते फाडा. ते हसले. म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची शंभर टक्के गरज आहे.

शनिवार, २२

एकवीस झाल्या. प्रत्येक वेळी काचेपलीकडे एक झगा कमी. एकीने जाताना माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. तेच सहन होत नाही.

काचेपाशी एकच उरली. हात पुढे.

नवी बाळं वीस झालीत. भाचीला कळा सुरू नाहीत. नकोतच. आज नकोत, उद्या नकोत—

सोमवार, २४

काल रात्री दोघी बाळंत झाल्या. एकवीस. बावीस.

भाची सकाळी आली. मी सिस्टरांचे पाय धरले, एक नंबर सोडा, चोवीस द्या. म्हणाल्या, मधला नंबर कोरा कसा ठेवू? हिशेब लागत नाही. रिकामी जागा चालत नाही, हे तुम्हीच तर—

मीच.

मुलगी झाली. साडेसहा पौंड. ताप नाही, आईलाही नाही. तरी नेली. भाची हात पुढे करून म्हणाली, आत्या, माझं कधी देणार?

पायाला तेवीस.

मंगळवार, २५

पावणेचार. सिस्टर वॉर्डात. मी आतल्या दाराने गेले, पोरगी उचलली, झग्याखाली घेतली, भाचीच्या कुशीत नेऊन दिली. प्यायला लागली लगेच. अधाशी, बापावर गेलीय. मावशी दाराशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, बघते कोण काढून नेतंय ते.

नव्या रजिस्टरात तेविसाव्या ओळीपुढे, दहाव्या रकान्यात लिहिलं. आईच्या हाती दिले. पहिल्यांदा खरं.

पण ती येणारच. तिला तेवीस हवाय. तेवीस जिथे, तिथे ती. म्हणून पट्टी कात्रीने कापून आणलीय. पोरीच्या पायाची. माझ्या मनगटाला पुरेना, चिकटपट्टीने जोडली.

तिला सांगायचं आहे. बाकीच्यांना सांगितलं तेच. कागदावर नाही, तोंडावर. ऐकेल का, ठाऊक नाही.

मावशींचं पेन पुसलं, टोपण लावलं, त्यांच्या डब्याशेजारी ठेवून आले. एवढं एक कुणाचं द्यायचं राहिलं होतं.

हे दोरीच्या पेनाने. रोजनिशी खिळ्याजवळ ओढून—

चार वाजले. काचेपाशी कुणी नाही.

दार मी लावलं होतं.

हात तसेच आहेत. पुढे. माझ्या मनगटाकडे बघतेय. तिची पट्टी माझ्या पट्टीला लावून बघ—

सांगितलं. बाई, तुमचं बाळ तेव्हाच—

ऐकलं तिने. मान हलवली. पण हात खाली घेत ना