सात दिवसांपेक्षा जुनं

११ एप्रिल २०१९

आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. वेळ नक्की माहीत आहे, कारण तेव्हाच पडद्यावर लाल खिडकी आली — डिस्क भरली, रेकॉर्डिंग थांबलं! आणि काचेपलीकडं ती गातच होती.

शालू. गंगापूरकडच्या मेंढपाळ खंडेरावांची मुलगी. यंदा तिकडं पाणी नाही, चारा नाही. चुलता मेंढरं घेऊन कन्नडच्या घाटाकडं गेलाय, आणि हे बापलेक शहरात. बायपासला बारा मजली इमारत उठतेय, तिथं खंडेराव वॉचमन आहेत. कुठल्याशा लोककला महोत्सवानं नवे आवाज मागवलेत. एक गाणं, पाच मेच्या आत. त्यासाठी छावणी भागातल्या आमच्या स्टुडिओत आली होती.

स्टुडिओ म्हणजे शिलाई मशीनच्या दुकानावरची एक खोली, एक काच, एक संगणक. मालक कमरोद्दीनभाई.

तिला खुणेनं थांबवावं लागलं. हेडफोन काढून म्हणाली, "डबा भरला का तुमचा?" भाई हसले, खंडेराव हसले. माझं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर म्हणालो, हा डबा पुन्हा कधीच भरणार नाही, आपोआप रिकामा होईल असं करून दाखवतो, नाही केलं तर इथं पाय ठेवणार नाही.

भाई म्हणाले, "हनुमान, शेपूट आवर." पॉलिटेक्निकच्या सरांशी वाद घालून दुसऱ्या वर्षात बाहेर पडलो, तेव्हापासून ते एवढंच म्हणतात.

१२ एप्रिल

सापडलं! गाणी सगळी मिळून चाळीस जीबी, आणि नुसता कॅशे एकसष्ट. म्हणजे घरापेक्षा अडगळ मोठी.

कॅशे म्हणजे काय, ते आज नीट कळलं. गाणं उघडलं की सॉफ्टवेअर त्याच्या आवाजाचं डोंगरदऱ्यांसारखं चित्र काढून ठेवतं. पेटी-ढोलकीचे तुकडे पटकन हाताशी यावेत म्हणून त्यांच्या प्रती करून ठेवतं. काम संपलं तरी टाकत नाही. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हळदीत वाजलेल्या गाण्याची चित्रं अजून तशीच होती. ती पुसली तरी गाण्याला काही होत नाही. गरज पडली की सॉफ्टवेअर नवी काढतं.

सगळं हातानं पुसलं. तासभर गेला. रोज कोण करणार हे?

१३ एप्रिल

ती आली नाही.

१४ एप्रिल

जयंती. गेले पंधरा दिवस जी गाणी आम्ही मिक्स करत होतो, ती आज सगळ्या शहरात एकदम वाजतायत. क्रांती चौकात उभा राहून आपलं गाणं ओळखलं. छाती फुगली. आवाजानं शेजारच्याची टोपीसुद्धा हलत होती.

१५ एप्रिल

पहिला उपाय एवढा सोपा निघाला की लाज वाटली. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्येच कॅशेला मर्यादा घालता येते. दहा जीबी केली. तेवढा झाला की सर्वांत जुनं स्वतःच टाकतं. खाली एक चौकोन आहे — बंद करताना साफ करा. त्यावर टिचकी मारली. तीन वर्षं हा चौकोन तिथंच होता आणि आम्ही कधी बघितला नाही!

पण पेटी-ढोलकीचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याला असला चौकोन नाही. त्याचं काहीतरी बघावं लागेल.

१६ एप्रिल

शालू आली. गायली. एकाच दमात, एकदाही न अडखळता. मेंढरं पाण्यावर नेतानाचं गाणं, आत्याकडून शिकलेलं. गाताना डोळे मिटत नाही, लांब कुठंतरी बघते. समोर स्पंजची भिंत आणि हिची नजर दोन कोसांवर.

शेवटी भाईंनी मान हलवली. ते सहसा हलवत नाहीत.

त्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाईक पसंत म्हणेपर्यंत गाण्याला नाव द्यायचं नाही. त्यांच्या वालिदांपासूनचा, म्हणजे वडिलांच्या, कॅसेटच्या काळातला. तेव्हा कोऱ्या कॅसेटवर पसंतीनंतरच चिठ्ठी चिकटायची. त्यामुळं शालूचं गाणंही बिननावाचंच राहिलं. खंडेरावांना सुट्टी नाही, ते पंचवीसला ऐकून पसंत करतील.

जाताना म्हणाली, "येते हनुमानदादा."

दादा! दिवस वाया.

१७ एप्रिल

झालं! नोटपॅडमध्ये चार ओळी. या या फोल्डरात जा, सात दिवसांपेक्षा जुनी फाइल दिसली की पूस. नोटपॅडची ती चिठ्ठी बॅच फाइल म्हणून सेव्ह केली. मग विंडोजच्या टास्क शेड्युलरला सांगितलं, रोज दुपारी दोनला ही चालव. त्या वेळी भाई नमाज आणि जेवणाला गेलेले असतात, संगणक मोकळा. कॅशेची तीन फोल्डरं घातली, आणि टेम्प नावाचं एक होतं तेही घालून टाकलं. टेम्प म्हणजे तात्पुरतं, दुसरं काय असणार.

दोनला काळी खिडकी उघडली, भराभर ओळी पळाल्या, बंद झाली. मी हात लावला नव्हता! एकटाच टाळ्या वाजवल्या. खालून शिलाई मशीनवाले फकिराकाका ओरडले, काय पाडताय रे वर.

२२ एप्रिल

डिस्क अर्धी रिकामी. आज टँकरच्या घोषणा रेकॉर्ड केल्या — नवव्या दिवशी पाणी, भांडी तयार ठेवा. भाईंनी बाहेरच्या माणसाला माझी ओळख 'हमारा इंजिनिअर' अशी करून दिली. पॉलिटेक्निकच्या सरांनी ऐकायला पाहिजे होतं.

२५ एप्रिल

गेलं.

खंडेराव सुट्टी काढून आले, नवा फेटा बांधून. खुर्चीवर टेकले नाहीत, हात मागं बांधून उभे राहिले. मी गाणं उघडलं. पडद्यावर गाण्याची पट्टी होती, आवाज नव्हता. फाइल सापडत नाही. पुन्हा उघडलं. फाइल सापडत नाही.

मग पायाखालची फरशी सरकली. नाव नसलेलं गाणं कुठं पडतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते टेम्पमध्ये पडतं. तात्पुरतं, पसंत होईपर्यंत. सोळाला गायलेलं काल दुपारी दोनला सात दिवसांपेक्षा जुनं झालं आणि माझ्या चार ओळींनी ते शिस्तीत पुसलं. असं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

भाई खंडेरावांना म्हणाले, लाईट गेली होती, मशीन अडकलंय, दोन दिवसांनी या. ते बिचारे बरं म्हणून पायऱ्या उतरले. शालू दारात जरा थांबली. माझ्याकडं बघून गेली.

पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. सुरुवातीचे अकरा सेकंद मिळाले. पुढं काल संध्याकाळी रेकॉर्ड केलेली टँकरची नवी घोषणा — भांडी तयार ठेवा.

२६ एप्रिल

भाई सकाळी म्हणाले, "लाईट गेली म्हण. सगळे तेच म्हणतात. इथं लाईट जातेच." मी म्हणालो, नाही म्हणणार. आवाज चढला. ते म्हणाले, "अरे, लडकी हात से जाएगी." म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे! मी आणखी चिडलो आणि सायकल काढली.

बायपासला पोचेपर्यंत शर्टातून घाम टपकत होता. इमारतीखाली पत्र्याची खोली, शालू पिंपात पाणी भरत होती. मी तिथंच, श्वास न घेता, सगळं सांगितलं. लाईट गेली नव्हती. मी पुसलं. सात दिवसांपेक्षा जुनं ते पूस, असं मीच लिहिलं होतं.

तिनं बादली खाली ठेवली. "सात दिवसांत शिळं होतं व्हय तुमच्याकडं? माझ्या आत्याचं गाणं हाय ते. तिच्या आत्याचं हाय."

आज दादा म्हणाली नाही. बादली उचलून पुन्हा पिंपाकडं वळली.

खंडेरावांनी मात्र मला बसवलं, पाणी दिलं. विचारत राहिले, ते पुसणारं कसं ओळखतं. मी म्हणालो, तारखेवरून. मालक कोण, ते बघत नाही? नाही बघत. मग गेल्या महिन्यातलं सांगायला लागले. इथं सोबत ठेवलेल्या दोन मेंढ्या चुकून मागच्या नव्या कॉलनीत शिरल्या, महापालिकेच्या माणसांनी उचलून कोंडवाड्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी ह्यांनी जाऊन सोडवल्या.

"कोंडवाडा वाईट, पर मेंढरं जित्ती राहत्यात," म्हणाले. "तुमचं तर डायरेक मटणाचंच दुकान झालं."

परतताना सायकल अर्ध्या रस्त्यात थांबवून मी मोठ्यानं हसलो. रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

२७ एप्रिल

कोंडवाडा तयार! याच नावाचं फोल्डर. आता चार ओळी पुसत नाहीत, उचलून कोंडवाड्यात टाकतात. पंधरा दिवस कुणी विचारलं नाही तरच पुसायचं. टेम्पला मुळीच हात लावायचा नाही. आणि उचलण्याआधी रोज नुसती यादी काढायची, कोण कोण उचललं जाणार याची. ती माणसानं वाचायची, मगच पुढं. आज यादी भाईंनी वाचली. चष्मा लावून, एकेक ओळ, बोट ठेवून.

मग म्हणाले, नाव न देण्याचा नियम आजपासून बंद. वालिदांच्या वेळी कॅसेट स्वतःहून पुसली जात नव्हती.

२९ एप्रिल

निरोप पाठवला होता. उत्तर नाही. पाच मेला सहा दिवस.

३० एप्रिल

आली! सांगितल्याशिवाय, एकटी, चेहरा ताणलेला. माझ्याकडं न बघता काचेपलीकडं गेली आणि गायली. रागात गायली. सोळाच्या गाण्यात पाणी होतं, आजच्यात तहान होती. भाईंनी मान हलवली नाही. उठून उभे राहिले.

रेकॉर्डिंग थांबायच्या आधीच मी नाव दिलं, थांबताच तीन ठिकाणी ठेवलं, पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला. म्हणाली, "हे आमच्या कोंडवाड्यात."

हसली!

३ मे

पाठवलं. पोचल्याचा मेल आला. तो मी अकरा वेळा वाचला.

११ मे

निवड झाली! आणि त्यांना एक नाही, बारा गाणी पाहिजेत. भाईंना फोन आला होता. अट अशी की काचेच्या खोलीत नाही, मेंढरांच्या तळावरच रेकॉर्ड करायची, आणि आधीच्याच रेकॉर्डिंगवाल्यानं. खंडेराव वॉचमनकी सोडून घाटाकडं निघालेत, तिकडं थोडं पाणी आहे म्हणे. महिनाभर जावं लागेल. मला म्हणाले, भाकरी आमची, चालायचं मात्र लागंल. चालीन म्हणालो. लई चालीन!

महोत्सववाले हुशार माणसं. आवाजाची जाण आहे त्यांना.

१३ मे, सकाळ

संगणक आपला आपण साफ होतो. यादी भाई वाचतात. इथं माझ्यावाचून काही अडत नाही. छोटा रेकॉर्डर, आठ बॅटऱ्या, दोन माइक पिशवीत भरले. खाली जीप उभी आहे.

आत्ता पिशवीचा पट्टा घट्ट करता करता भाई सहज बोलल्यासारखं बोलले. "वो शर्त उनकी नहीं थी. त्यांना इथलंच चाललं असतं. त्यांच्याशी फोनवर बोलताना शालूनं घातली — तळावरच गाईन, आणि हनुमान येत असंल तरच."

नुसतं हनुमान!

वही बंद करतो. निघालो. दार मीच ओढून घेतो.