खोऱ्यातला गळा

४ मार्च
आज गळ्यातलं घालताना हाताला गाठ लागली. गळ्याच्या खालच्या बाजूला, उजवीकडे. दाबून बघितली — दुखत नाही. आणि मेलं मला हसूच फुटलं! आरशात आई उभी होती. हुबेहूब!
सुनेला दाखवली. ती भाजी चिरत होती. सुरी तशीच हातात धरून म्हणाली, "आई, आधी डॉक्टर." हिचं सगळं आधी डॉक्टर. शिंक आली तरी डॉक्टर.

५ मार्च
दिवसभर खोरंच डोळ्यांसमोर. लग्न होऊन इकडे आले ती आलेच, पण माहेर काही सुटत नाही.
आमच्याकडे गाठ नसलेली बाई शोधावी लागायची. तिथल्या मातीतच काहीतरी कमी होतं म्हणे. गलगंड हा शब्द शाळा तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आणला. आम्ही आपलं 'गाठोडं' म्हणायचो. "काकूचं गाठोडं यंदा भरलंय" — काकू स्वतःच सांगत सुटायची!
बाबा शिंपी. गळ्याचं माप त्यांनी कधी टेपने घेतलं नाही. टेप लावली की आकडा मोठ्याने सांगावा लागतो, आणि दुकानात चारचौघी बसलेल्या. म्हणून दोरा. गळ्याभोवती सैलसर फिरवायचा, गाठ मारायची आणि त्या बाईच्या कापडाला टाचून ठेवायचा. कुणाचा गळा केवढा, ते एकट्या बाबांना ठाऊक. मीही तसंच शिकले. इकडे आल्यावर पहिला ब्लाऊज शिवला तो खोऱ्याच्या सवयीने, गळा दोन बोटं सैल. गिऱ्हाईक कडाडलं, "हा गळा आहे की पोतं?" तेव्हा रडले होते. आज आठवून पोट दुखेपर्यंत हसले.

८ मार्च
लेकीला फोन केला. परगावी नोकरीला आहे. खोरं तिने कधी बघितलं नाही, पण लहानपणी झोपायच्या आधी तिला तिथल्याच गोष्टी लागायच्या. गाठीचं सांगितलं तर ओरडलीच, "म्हणजे तू आता अगदी खोऱ्यातल्या आजीसारखी झालीस!" दोघी किती वेळ खिदळत होतो. स्वयंपाकघरात सून कप आपटत होती.

१५ मार्च
सुनेने आज मला गप्प केलं. म्हणाली, "खोरं सोडून तुमचा जन्म गेला. इथलं मीठ खाता, इथलं पाणी पिता. मग तिथली गाठ इथे कशी येईल?"
 मला रागच आला. म्हटलं, माझा गळा आहे, मी बघून घेईन. आयुष्यात पहिल्यांदा आईसारखी दिसतेय, तर ही कापायला निघाली!

१६ मार्च
सुनेशी अबोला. घर कसं शांत! अजिबात करमत नाही.

२२ मार्च
आवाज बसलाय. गुळण्या केल्या, काही उपयोग नाही.
आईचाही बसला होता, शेवटच्या वर्षी. तिची हाक अंगणापर्यंत पोहोचायची नाही, मग भांड्यावर चमचा वाजवायची. आम्हाला खेळच वाटायचा तो. सगळे म्हणायचे, "गाठोडं जड झालं." त्या वर्षी बाबांनी तिच्यासाठी दोऱ्यामागून दोरे बदलले. चाळिशीही पुरती झाली नव्हती तिची.
आज मला फार भीती वाटली. सुनेला म्हटलं, चल. तिने लगेच चपला घातल्या.

३० मार्च
गाठीत सुई घालून तपासलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.
डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढी. तिने आईचं विचारलं. मी सगळं सांगितलं, बसलेल्या आवाजात. ती म्हणाली, "खोऱ्यातल्या बाकीच्या बायका?" म्हटलं, काकू नव्वदीपर्यंत भांडत होती. "मग तुमची आईच एवढ्या लवकर का गेली?"
कुणी विचारलंच नव्हतं हे! बाबांनी नाही, मी नाही. एवढ्या गळ्यांत तिचाही एक, असंच धरून चाललो.
"हा आजार खोऱ्यातला नाही, मावशी. तुमच्या घरातला असावा. मुलांचंही रक्त तपासू." ऑपरेशनची तारीखही दिली. रिक्षात आईसाठी रडले. ती गेली तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. सुनेने हात धरून ठेवला होता.

३ एप्रिल
मुलाचं रक्त दिलं. लेक रविवारी येतेय. "घाबरू नकोस गं," असं मलाच सांगते!

६ एप्रिल
लेक आली. एवढ्या उकाड्यात गळ्याला ओढणी गुंडाळून. पिशवी खाली ठेवली आणि ओढणी सोडली. म्हणाली, "तू फोन केलास ना, त्याच दिवशी माझ्याही हाताला गाठ लागली. मी खूश झाले होते गं, आई. सुट्टीत येऊन तुला दाखवणार होते."