फ्रिज भरून पाठवल्याची हकीकत

डहाणू,
वसुबारसेच्या आदल्या दिवशी

रा. रा. धनेशराव यांना वामनाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण सध्या कंबर धरली आहे. ती का धरली हे याच पत्रात पुढे येईल.

आपण आणि वहिनी सुखरूप असाल. तलासरीच्या बाजारातली सगळी तेलं गुडघ्याला लावून झाली असतील, तर आता गुडघ्यालाच विचारा त्याला काय हवं आहे. इकडे सर्व क्षेम. चिकूला बहर बरा आहे, तुमच्या भगिनींचा रक्तदाब ताळ्यावर आहे, आणि माझ्या प्रकृतीबद्दल कोणी विचारत नाही त्या अर्थी तीही उत्तम असावी.

आता मुद्दा. भाऊबीजेला तुम्ही येणार आणि येताना हायवेवरच्या कंपनीतले ते साहेब आमचा वरचा मजला बघायला आणणार, असं आषाढात ठरलं होतं. (ठरलं म्हणजे तुम्ही आणि जयश्रीने फोनवर ठरवलंत. मला ते आमटी वाढून घेताना कळलं.) अट अशी की, वरच्या पोरांनी दिवाळीपर्यंत स्वयंपाकघरातली यंत्रं माणसांत आणली तर पोरं राहतील, नाहीतर बिऱ्हाड उचलतील. धनेशराव, साहेबांना आणू नका. आम्ही जिंकलो आहोत. आम्ही म्हणजे मी आणि पोरं. तुमच्या भगिनी परीक्षकाच्या खुर्चीत होत्या.

मला या पोरांचा एवढा पुळका का, असं तुम्ही विचारालच. लेक हर्षदा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून या घरात माझं वाक्य क्रियापदापर्यंत ऐकून घेणारं कोणी उरलं नव्हतं. ही तिघं ऐकतात. (घरमालकाचं भाडेकरूला ऐकावंच लागतं हे मला समजतं. पण वर्गातल्या मुलांनाही मास्तरचं ऐकावं लागतं, आणि ती ऐकत नाहीत.) कॉलेजातून आली की जिन्यात बसतात, मी खाली ओट्यावर, आणि मेघदूतातल्या ढगाचा रस्ता डहाणूवरून का गेला नाही यावर आमची तास तास चर्चा होते. असे श्रोते कुठल्या साहेबात मिळणार? साहेब जिन्यात बसत नाहीत.

पोरं गुणी आहेत. वाढवणचा नविन, घरी होडी आहे. रानशेतचा रघुनाथ, ज्याला सगळे रघ्या म्हणतात. आणि चारोटीचा ओंकार, ज्याच्या वडिलांचं नाक्यावर जेवणाचं हॉटेल आहे. पण मी त्यांना दिलेल्या फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि विजेच्या किटलीची त्यांनी जी गती केली होती ती गरुडपुराणात सांगायची राहून गेली असावी. मायक्रोवेव्हच्या छताला डाळीचे शिंतोडे सुकून पूर्ण नक्षत्रमंडळ तयार झालं होतं, शिवाय एक शेपटीवाला धूमकेतू होता, तो नूडल निघाला. किटलीत चहा, अंडी आणि कोळंबी आळीपाळीने उकळत. मिक्सरच्या पात्याखाली चटणीचे थर होते आणि प्रत्येक थर वेगळ्या महिन्यातला होता. फ्रिजमधल्या एका वाटीला तर दाढी आली होती. ओंकार म्हणाला, मेथी आहे. ते वरण होतं.

मी पेशाने शिक्षक, तेव्हा शिकवायला घेतलं. आधी उपदेश. स्वच्छतेवर चार ओळींचा श्लोक स्वतः रचला (अनुष्टुभ, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही) आणि अर्थासह फ्रिजच्या दारावर लावला. पोरांनी त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, शेजाऱ्यांनी मला हात जोडले, आणि वाटीची दाढी छातीपर्यंत आली. मग प्रत्यक्ष. एका रविवारी वर जाऊन मायक्रोवेव्हमध्ये लिंबू पिळलेलं पाणी वाफ धरेपर्यंत तापवलं आणि ओल्या फडक्याने सगळी नक्षत्रं एका पुसण्यात मावळवली. तिघं मांडी घालून आदराने बघत होती. झाल्यावर नविन म्हणाला, "काका, एकदम नवीन झाला. पुढच्या रविवारी किती वाजता येताय?"

खाली आलो तेव्हा जयश्री एवढंच म्हणाली, "साहेबांची मिसेस नीटनेटकी आहे म्हणे."

तर गणपतीत जयश्रीने पोरांसाठी डब्यातून अळूवड्या पाठवल्या. दुसऱ्या सकाळी रघ्या डबा घेऊन आला. धनेशराव, त्या डब्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तोही हवा होता त्यापेक्षा स्पष्ट. झाकणाची कडी, कडीच्या आतली खाच, कुठे म्हणून कण नाही. आत रानातली करटुली भरलेली. मी म्हटलं, "रघुनाथा, हा कोणी घासला?"

"मीच. दुसऱ्याच्या घरचं भांडं ना काका. तसंच कसं द्यायचं?"

"आणि करटुली?"

"रिकामं कसं द्यायचं?"

"मग वरचं मिक्सरचं भांडं?"

त्याने माझ्याकडे, वर्गातल्या हुशार मुलाने बाकीच्यांकडे बघावं तसं पाहिलं. "ते तर आमचंच आहे."

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात. मी डब्यावरून पोरं ओळखली. यांच्या आयांनी यांना एकच गोष्ट शिकवली आहे, पण ती हाडात शिकवली आहे: शेजारून भरून आलेलं भांडं धुऊन, काहीतरी घालून परत करायचं. स्वतःच्या भांड्याबद्दल शास्त्र गप्प आहे. आता यंत्रं माझीच, पण ती वर गेली की पोरांची होत होती. म्हणजे करायचं एवढंच, की यंत्र खाली आणायचं आणि आमच्या उंबऱ्यातून भरून वर पाठवायचं. मग ते यंत्र राहत नाही, शेजारचं भांडं होतं.

पहिला प्रयोग मिक्सरवर. आमचा जळलाय असं सांगून तो खाली आणला (जळला नव्हता, धर्मराजाने हत्तीबाबत केलं तेवढंच मी केलं), आणि भांड्यात खोबऱ्याची चटणी वाटून भांडंच वर धाडलं. सकाळी परत आलं. पात्याखालचे सगळे महिने नाहीसे झालेले, झाकणाची रबरी कडी काढून धुऊन पुन्हा बसवलेली, आणि आत काठोकाठ बडीशेप. ओंकार वडिलांच्या हॉटेलातून आणणार काय? वर चार टूथपिकाही होत्या, शोभेला. मग किटलीतून कोकमाचं सार गेलं. किटली चिंचेने घासून परत आली, तळाचा क्षाराचा पांढरा थर गायब. आत नविनने सुकट भरली होती, त्यामुळे तिचा पुढचा चहा थोडा दर्यावर्दी झाला, पण नियम तो नियम. मायक्रोवेव्हमध्ये वालाच्या बिरड्याचं पातेलं ठेवून, दार लावून, मी आणि ओंकारने तो पालखीसारखा वर नेला. तो परत आला कोनफळं घेऊन, आतली काचेची थाळी अशी लखलखीत की जयश्रीने ती दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. तिचं डाग शोधणं कसं असतं ते तुम्ही लहानपणापासून जाणता.

उरला फ्रिज. तो नवरात्रात उतरवला. बाहेरच्या जिन्याने, दोर बांधून, उभाच्या उभा, पोरं वरून आणि मी खालून. (कंबर इथे आली.) वळणावर शेजारच्या हिरूबाय भेटल्या. "मास्तर, फ्रिज विकला का काय?"

"नाही. भरायला नेतोय."

"मंग आता त्यात काय हाय?"

"काही नाही. म्हणूनच."

त्यांनी मला जागा दिली, आणि देवाचं नाव घेतलेलंही मला ऐकू आलं.

जयश्री कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला वाटत होतं माझं डोकं फिरलं आहे, पण भरून पाठवायचं म्हटल्यावर तिला हात आखडता घेणं जमत नाही, हा तुमच्या घराण्याचा दोष आहे. श्रीखंड, कोथिंबिरीच्या वड्या, लोणचं, दह्याचं मडकं, एकही कप्पा रिकामा ठेवला नाही. भरलेला फ्रिज जिन्याने वर जात नाही हे पाच पायऱ्यांवर कळलं. मग सगळं काढलं, फ्रिज वर नेला, तो उंबऱ्याबाहेरच टेकवून सगळं पुन्हा आत मांडलं आणि मग आत ढकलला. विधी पूर्ण झाला पाहिजे.

दसऱ्याला तो परत आला. तिघांनी उचलून आणला, माझ्या अंगणात ठेवला, आणि ओंकारने दार उघडलं. काय सांगू धनेशराव. दाराच्या रबराच्या घड्या खायच्या सोड्याने पुसलेल्या. कप्पे उन्हात वाळवलेले. मधल्या कप्प्यात केळीच्या पानावर नविनच्या वडिलांनी पाठवलेला आख्खा रावस, शेपटी थोडी दुमडून. बाजूला रघ्याच्या घरची नाचणी, आणि खाली पुन्हा बडीशेप. जयश्री आतून बघून झाल्यावर मागे गेली. ही तिची शेवटची खेळी होती, कारण मागे कोणी धूत नाही. रघ्या म्हणाला, "काकी, मागचा ट्रे पण धुतला."

"कसला ट्रे?"

"पाणी साठतं तो. खालच्या बाजूला असतो ना."

ती वाकून बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आपल्यालाही असतो का हो तो?" त्या क्षणी मला कळलं, निकाल लागला. रावस त्याच संध्याकाळी झाला. (वार सोमवार नव्हता. असता तरी रावसाला ते सांगणं कठीण होतं.)

तेव्हा साहेबांना माझा नमस्कार आणि नकार कळवा, आणि भाऊबीजेला तुम्ही वहिनींसह या. विजयी माणसाचं जेवण कसं असतं ते बघा.

आपला,
वामन

ता. क. शेगडीबद्दल लिहायचं राहिलं. तीही आरशासारखी आहे, पण तिथे माझं कर्तृत्व कमी. ती दसऱ्यापासून पेटलेली नाही. यंत्रं स्वच्छ राहायची तर ती सतत भरून वर जायला हवीत, आणि ती भरून जातात म्हटल्यावर पोरांना वर रांधायचं काही कारणच उरत नाही. आता तर मध्ये यंत्र कशाला म्हणून दोन्ही वेळा सरळ खालीच जेवतात. म्हणजे काटेकोर तर्काने पाहिलं तर वरची यंत्रं कोणी वापरत नाही म्हणून स्वच्छ आहेत. पण स्वच्छ आहेत.

ता. क. २. हे ओघाने आलं म्हणून लिहितो, पत्राचा हेतू हा नव्हे. तुमचा हळवा भात कापून झाला असेल. येताना टेम्पोत नव्या तांदळाचं एक पोतं टाकता आलं तर बघा. वाढीच्या वयाची तीन पोरं आहेत, आणि रघ्या ताटाकडे न बघता जेवतो.

ता. क. ३. दादा, हे पत्र पाकीट न चिकटवता टेबलावर होतं म्हणून वाचलं. एक पोतं पुरायचं नाही, दोन आण. साहेबांचं मनावर घेऊ नकोस. मी त्यांच्या मिसेसना नवरात्राच्या आधीच फोन करून जागा नाही म्हणून सांगितलंय, तुला कळवायचं राहून गेलं. ह्यांना मुद्दाम नाही सांगितलं. सांगितलं असतं तर फ्रिज कोणी धुतला असता?
— जयश्री