एकेचाळीस तबकड्या आणि एक वाकडी

मी, पंजाबराव किशन इंगोले, वय ७४, सेवानिवृत्त स्टेशन मास्तर, राहणार जऊळका, जिल्हा वाशिम, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. धाक आहे तो फक्त पत्नीचा, पण तो कायद्यात धरत नाहीत. डॉ. अनुप राठोड यांनी माझी नाडी पाहिली, तारीख आणि वार विचारला. दोन्ही बरोबर आले. मग टेबलावर वाजत असलेली जॅझची तबकडी ऐकून, हे तुम्ही राजीखुशीने ऐकता का, असेही विचारले. राजीखुशीने ऐकतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करायचा कंटाळा आहे.

कलम १. जऊळका येथील राहते घर, अंगण आणि ओटा माझ्या पश्चात माझी पत्नी लिलाबाई हिच्या मालकीचे राहील. तिच्यानंतर मुलगा उत्कर्ष आणि मुलगी धम्मदीपा यांचे समसमान. "आई, चाल आमच्याकडे" म्हणून कोणी तिच्या मागे लागू नये. जावेसे वाटले तर ती स्वतः पिशवी भरेल, तिला कोणी सांगावे लागत नाही. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. आकडा लिहीत नाही, तो तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे.

कलम २. टीव्ही लिलाबाईचा, रिमोटसह. तिच्या आठच्या मालिकेच्या वेळी बातम्या लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. या मालिकेला मी सुरुवातीपासून नावे ठेवली. सून वळून पाहते, तेच तोंड तीनदा दाखवतात आणि तिन्ही वेळा पत्र्यावर दगड पडल्यासारखा ठोका देतात, याला संगीत म्हणायचे का? तरी आज खरे लिहितो. गेली चार वर्षे मी आतल्या खोलीत तबकडीचा आवाज बारीक करून दाराच्या फटीतून ती मालिका पाहतो. त्या थोरल्या सुनेवर अन्याय होत आहे.

कलम ३. माझी पुस्तके, दोन कपाटे, गावच्या बुद्ध विहारातील वाचनालयाला द्यावीत. समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या खोडू नयेत. काही ठिकाणी मी लेखकाशी भांडलो आहे, एका ठिकाणी माफीही मागितली आहे. अट एकच: पुस्तके कुलपात ठेवून हार घालू नयेत. पोरांनी घरी न्यावीत, चहाचे डाग पाडावेत, पण परत आणावीत.

कलम ४. आता तबकड्या. नोकरीच्या सुरुवातीला मी सिकंदराबादला होतो. तिथल्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबाने बायकामुलांसह देश सोडताना बासष्ट जॅझ तबकड्यांची ट्रंक माझ्या हवाली केली, कारण रात्रपाळीला त्याच्या खोलीबाहेर उभा राहून ऐकणारा मी एकटाच होतो. पहिल्यांदा मला त्यात काही कळले नाही. सगळे वाजवणारे आपापल्या वाटेने चालल्यासारखे वाटले. महिनाभराने कळले, की एक जण सूर घेऊन लांब निघून जातो आणि बाकीचे त्याची लाइन मोकळी ठेवून बसतात. तो परत येतो. येईपर्यंत त्याची जागा कोणी घेत नाही. मी गाड्या सांभाळणारा माणूस, मला हे फार आवडले.

माझे वडील खंजिरीवर भीमगीते म्हणत, वस्त्यावस्त्यांतून त्यांना बोलावणे येई. एकदा त्यांना मी एक तबकडी ऐकवली आणि कव्हरवरच्या वादकांचे फोटो दाखवले. ते फोटोंकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्यायलेबी कोनं गावाबाहेर ठेवलं होतं का रे?" पुढे मी जॅझवर पुष्कळ वाचले. त्यांच्या या प्रश्नापलीकडे मला फारसे काही सापडले नाही.

सर्व चांगल्या तबकड्या, प्लेअर आणि सुयांची डबी धम्मदीपाला द्यावी. लहानपणी ती याच टेबलाखाली झोपायची आणि तबकडी संपली की जागी व्हायची. उत्कर्षने वाईट वाटून घेऊ नये. हे सगळे मोबाइलवर फुकट मिळते, असे तो म्हणतो, तर त्याने तिथून घ्यावे. माझे घड्याळ, शिट्टी आणि सायकल त्याची. सायकल त्याने चालवावी, पोट सुटले आहे.

कलम ५. शेजारी बबनराव गोटे गेली चौदा वर्षे माझ्या संगीताला "बकरी कापून राह्यले का" असे विचारत आले आहेत. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. त्यामुळे त्यांना काहीही दिलेले नाही. मला यात समाधान आहे. मात्र मी आजारी असताना पंधरा दिवस माझी दाढी त्यांनी केली, हे इथे नोंदवून ठेवतो.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीचे मृत्युपत्र लिहिले आहे.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती आणि घराला चुना द्यायचा होता. लिलाबाईने सगळे सामान बाहेर काढले. त्यानंतर जे झाले ते सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. तिने माझ्या तबकड्या रिठ्याच्या पाण्याने धुतल्या आणि कुरडयांशेजारी बाजेवर, वैशाखाच्या उन्हात वाळत घातल्या. दुपारी मी ड्युटीवरून आलो तेव्हा एकेचाळीस तबकड्या पापडासारख्या वळल्या होत्या. मी ओट्यावर उभा राहून, चारही क्वार्टरची माणसे गोळा होईपर्यंत ओरडलो. तिला अडाणी म्हटले. बावीस दिवस तिच्याशी बोललो नाही. बावीसही दिवस माझा डबा स्टेशनवर वेळेवर आला.

पुढे या गोष्टीची गंमत झाली. लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत, "लिलाबाईनं तवे वाळत घातले" (तबकड्यांना आमच्याकडे तवेच म्हणतात) म्हणून सगळे हसत आले. सून वैभवीला ही गोष्ट हळदीच्या दिवशीच कळली. लिलाबाईही पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसत होतो.

आता जे कोणाला ठाऊक नाही ते लिहितो. त्या दिवशी सकाळी तिने मला विचारले होते, "ह्या तव्यायचं काय करू?" मी पुस्तक वाचत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "धुवून वाळत घाल." तिने मी सांगितले तेवढेच केले. ओरडताना मला हे आठवत नव्हते. तिसऱ्या दिवशी, स्टेशनवर सिग्नलचा दांडा ओढताना, आठवले. त्यानंतर एकोणीस दिवस अबोला आणि एकतीस वर्षे हसणे, हे मी आठवत असताना केले आहे. दोष माझा आहे. लिलाबाईचा काडीचाही नाही. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला, त्रिसरण-पंचशील झाल्यावर, जमलेल्या सर्वांसमोर हे कलम धम्मदीपाने मोठ्याने वाचावे.

कलम ७. त्या एकेचाळीसपैकी एक तबकडी वाकडी असूनही वाजते. सुईच्या दांडीवर जुना चार आण्याचा शिक्का ठेवावा लागतो, नाहीतर सुई उडते. तिचा सूर लाटेवर बसल्यासारखा वरखाली होतो. लिलाबाईला साऱ्या संग्रहात हीच आवडते. ती, शिक्क्यासह, लिलाबाईची.

सही करण्यापूर्वीची नोंद. साक्षीदार हजर असताना लिलाबाई चहा घेऊन आली आणि काय लिहिले ते वाचून दाखवा म्हणाली. वाचून दाखवले. टीव्हीच्या कलमाला ती हसली. सहाव्या कलमाला तिने ट्रे खाली ठेवला. मग ती म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं, हे तं मले पहिल्यापासून मालूम हाय. पन मी समजत होती का तुमाले आठवतच नाही. म्हणून मी राग सोडून देल्ला."

मी तिची माफी मागितली. ती आत गेली, तोंड धुऊन आली आणि दाराशी उभी राहिली.

"मेल्यावर कायले वाचता? चारचौघायसमोर बोलले होते, चारचौघायसमोरच वाचा. चला ओट्यावर."

बबनरावांनी आजूबाजूच्या घरांतून माणसे बोलावून आणली. ओट्यावर उभे राहून मी सहावे कलम पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. मध्ये दोनदा मी अडखळलो, दोन्ही वेळा मी पुढे वाचेपर्यंत लिलाबाई वाट पाहत उभी राहिली. कोणी हसले नाही. म्हणून पुण्यानुमोदनाला ते वाचण्याची सूचना मी रद्द करत आहे. त्या दिवशी फक्त वाकडी तबकडी वाजवावी. शिक्का लिलाबाईने ठेवावा.

लिहून ठेवणार: पंजाबराव किशन इंगोले

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. बबनराव गोटे, रा. जऊळका
२. डॉ. अनुप धनसिंग राठोड, मूळ रा. मानोरा

ठिकाण: जऊळका, घराचा ओटा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(खालील सही कायद्याला लागत नाही, असे बबनरावांनी तिला सांगून पाहिले.)

ऐकलं. लिलाबाई.