दहा मुलांचा एकच दोष

प्रिय दादा,

तुझी लेक इंटर्नशिपच्या शेवटच्या फेरीत पोचली. कंपनीच्या बाईंनी आज दुपारी मला फोन करून सांगितलं.

ती माझ्याच कॉलेजात मुलाखतीची तयारी करते. वर्गात मला मॅडम म्हणते, जिन्यात आत्या.

बाई म्हणाल्या, "एक दोष सांगा म्हटलं, तर तुमच्या अकरापैकी दहा मुलांचा दोष एकच. सगळी कामात फार चोखंदळ. साथ आली आहे का?"

मी ओशाळले. ते उत्तर मीच फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं होतं. दहाही जण गळाले.

तुझी लेक म्हणाली होती, "चूक कबूल करायला मला वेळ लागतो. प्रोजेक्टमध्ये चूक माझी होती, तरी मैत्रिणीशी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी मीच गेले. आमच्या घराण्यातच आहे ते."

संध्याकाळी मी तिला विचारलं, "घराण्यात म्हणजे कोणाकडे गं?"

"बाबांकडे आणि तुझ्याकडे. तुमचं तर चौथं वर्ष चालू आहे."

 आपला अबोला सुरू झाला तेव्हा चूक माझी होती, दादा.

हे पत्र पाठवलं, की समोर यायचं पुन्हा टळेल. म्हणून ते पाठवत नाही.

उद्या त्या दहा जणांना मी वर्गात परत बोलावलंय, प्रत्येकानं आपापलं उत्तर आणायचं. तुझ्या लेकीची मुलाखत सोमवारी अकराला आहे. ती आटोपली की तिच्यासोबत मीही घरी येईन.

तुझी,
धाकटी